पैठणी, पंगत आणि इन्सुलिनचे पेन

सुरंगी
येत्या मार्गशीर्षात माझ्या नणंदेच्या मुलीचे लग्न फोंडा तालुक्यातील एका देवस्थानाच्या सभागृहात आहे. नवरीची मामी म्हणून सकाळपासून दुपारच्या पंगतीपर्यंत मला सगळ्यांच्या डोळ्यांसमोर वावरायचे आहे, आणि मामीने पैठणी, कमरपट्टा, कोपरापर्यंत बाह्यांचे पोलके असा पूर्ण साज करायचा, असे नणंदेने बजावून ठेवले आहे. हौस मलाही आहे. अडचण एवढीच, की मला मधुमेह आहे आणि रात्रीच्या दीर्घ परिणामाच्या इन्सुलिनखेरीज प्रत्येक जेवणाआधी जलद इन्सुलिन घ्यावे लागते, तेही पेनाने, म्हणजे आकडा फिरवून मात्रा लावायची आणि कळ दाबून टोचायची, अशा पेनासारख्या इंजेक्शनाने.

घरी आणि कचेरीत याचे मला काहीच वाटत नाही. पण गेल्या वर्षी दिराच्या मुलाच्या लग्नात मी हे काम सभागृहाच्या शौचालयात उरकायला गेले आणि पस्तावले. फरशी ओली, पर्स अडकवायला खुंटी नाही, पेन ठेवायला फळी नाही, दिव्याचा उजेड असा की पेनावरचा आकडा दिसेना. पेनाचे टोपण दातांत धरले होते, ते पाण्यात पडले; निऱ्या एका हाताने वर धरल्या होत्या; बाहेरून कोणीतरी दर अर्ध्या मिनिटाने दार वाजवत होते. त्या दिवशी नेमके किती युनिट पोटात गेले आणि किती परकरात, हे मला आजतागायत ठाऊक नाही.

आजार लपवण्याची मला गरज वाटत नाही. फक्त नवरीच्या दिवशी मामीच्या सुईची चर्चा होऊ नये, एवढीच इच्छा आहे. भरजरी पोशाखात, चारचौघांत, आपण हे कसे जमवता? पुरुष सभासदांचे अनुभवही वाचायला आवडतील.

पोफळीबन
सुरंगीताई, साडी हा या कामासाठी सर्वांत सोयीचा पोशाख आहे, हे मी बारा वर्षांच्या अनुभवाने सांगते. पोलक्याचा काठ आणि परकराचा नाडा यांच्यामध्ये पोटाचा जो भाग पदराखाली मोकळा असतो, तिथे बेंबीपासून चार बोटे बाजूला सरकून टोचायचे. पदर पुढून घेतलेला असला की समोर बसलेल्यालाही काही कळत नाही. मात्र नाड्याचा वळ जिथे उमटतो, तिथे टोचू नये. ती जागा दिवसभर घासली जाते आणि दुखते.

तुमच्या बेतातील खरी अडचण कमरपट्टा आहे. तो बरोबर त्याच जागेवर बसतो. शिवाय साडी नेसवणाऱ्या बाईंना आधीच सांगून ठेवा, की डाव्या बाजूला कमरेजवळ पिना लावू नका. हल्ली त्या एका साडीला इतक्या पिना टोचतात, की आपली एक सुई त्यात सहज खपून जावी.

तिसवाडीकर
पुरुषांचा अनुभव विचारला आहे म्हणून लिहितो. मी एका खासगी कंपनीत आहे आणि वर्षातून चार-पाच वेळा पणजीतल्या हॉटेलांत सूट-टाय घालून जेवायला बसावे लागते. माझी युक्ती टायची आहे. टायच्या मागे, छातीखालची दोन बटणे मी आधीच उघडी ठेवतो. टाय त्यांवरून लोंबत असल्यामुळे ती बंद आहेत की उघडी, हे कोणालाही दिसत नाही. जेवण समोर आले की मांडीवर रुमाल पसरायचा, उजव्या हातात पेन घ्यायचे, टायच्या आडून हात आत घालायचा आणि शेजाऱ्याशी पावसाबद्दल बोलत राहायचे. सुई टोचून कळ पूर्ण दाबल्यावर मी मनात दहा आकडे मोजतो, म्हणजे औषध सुईच्या टोकाशी थेंब होऊन बाहेर राहत नाही. पावसाचे बोलणे दहा आकडे सहज पुरते. गोव्यात तर जास्तच पुरते.

सुटाच्या आत जाकीट मात्र घालू नये. एकदा घातले होते आणि त्या रात्री माझी अवस्था सुरंगीताईंच्या शौचालयासारखीच झाली होती.

अंत्रुजकर
देवस्थानाच्या सभागृहात लग्न आहे, तर तिथे अग्रशाळा, म्हणजे देवस्थानाची राहण्याच्या खोल्यांची इमारत, असणारच. यजमानांनी वऱ्हाडासाठी घेतलेल्या खोल्यांपैकी एका खोलीची किल्ली सकाळीच आपल्या ताब्यात ठेवावी. खोलीत खाट असते, उजेड असतो, दार आतून लागते. एवढा सरळ मार्ग असताना शौचालयात कशाला जायचे?

परंतु माझ्या मते जागेपेक्षा वेळेचा प्रश्न मोठा आहे, आणि तो मी अंगावर काढला आहे. तीन वर्षांपूर्वी मावसभावाच्या मुंजीत कोणीतरी 'चला, पाने मांडली' असे ओरडले. मी शहाण्यासारखा खोलीत गेलो, माझ्या नेहमीच्या दुपारच्या मात्रेइतके इन्सुलिन घेतले आणि पंगतीत येऊन बसलो. पाने खरोखरच मांडली होती. पण बटूची भिक्षावळ संपली नव्हती, आणि ती संपेपर्यंत वाढायचे नाही असे घरच्या वडिलधाऱ्यांनी ठरवले होते. पाऊण तास मी त्या रिकाम्या केळीच्या पानासमोर बसलो. इन्सुलिन पोटात आणि अन्न नाही, त्यामुळे साखर उतरत गेली. आधी घाम सुटला, मग हात कापू लागले, मग पानावरचे मीठ आणि लिंबू यांतले काय काय आहे हे कळेना. शेजारच्या सद्गृहस्थांनी मोठ्या मायेने मला सोलकढीचा पेला आणून दिला. सोलकढीत साखर नसते, हे त्या क्षणी मला माहीत होते, पण सांगता येत नव्हते. दुसऱ्याने बुंदीचा लाडू दिला. त्यातल्या तुपामुळे साखर चढायलाही वेळ लागला. शेवटी आचाऱ्याकडून चहाची साखर पाण्यात कालवून आणली, तेव्हा मी माणसांत आलो.

तेव्हापासून माझा नियम असा, की भात माझ्या स्वतःच्या पानावर पडल्याशिवाय टोपण काढायचे नाही.

कुळागर
'माणसांत आलो' हे वाक्य आमच्या घरी लग्नातल्या प्रत्येक जेवणानंतर म्हटले जाते. त्याला इन्सुलिन लागत नाही.

जुनाशिंपी
माझे म्हापशाला शिवणकामाचे दुकान होते, आता मुलगा पाहतो. तिसवाडीकरांनी लिहिलेल्या अडचणीवर एका गिऱ्हाइकाने मला पुष्कळ वर्षांपूर्वी उपाय सुचवला होता. त्यांनी पँटच्या उजव्या खिशाचे अस्तर आतून कापून घेतले होते, म्हणजे खिशात हात घातला की थेट मांडीच लागावी. दिसायला सभ्य गृहस्थ खिशात हात घालून उभे आहेत, एवढेच दिसायचे. युक्ती चांगली होती, परंतु सहा महिन्यांनी ते परत आले आणि म्हणाले, खिसा पूर्ववत करून द्या. सवयीने ते त्याच खिशात सुटे पैसे टाकत आणि चर्चच्या पायऱ्या चढताना ते बुटात उतरत.

पोलक्याबद्दल मात्र गंभीरपणे सांगतो. कोपरापर्यंतची बाही जरीच्या कापडाची असेल तर ती वर सरकत नाही, म्हणून दंडावर टोचण्याचा विचार सोडावा. त्यापेक्षा पोलके नेहमीपेक्षा बोटभर आखूड शिवून घ्यावे. पदराखाली ते कोणाला दिसत नाही आणि पोटावर जागा मिळते. परकराला आतून, मांडीच्या बाजूला झाकणाचा खिसा लावून मिळतो. कापड उरलेले असेल तर शिंपी त्याचे पैसेही घेत नाही. निदान आम्ही घेत नव्हतो.

वैद्यकी
मी डॉक्टर आहे. कोणी किती युनिट घ्यावे, याबद्दल इथे काही लिहिणार नाही. ते ज्याने त्याने आपल्या डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे. दोन-तीन गोष्टी मात्र स्पष्ट करायला हव्यात.

पहिली गोष्ट खिशाची. अस्तर कापलेले असो वा नसो, न पाहता टोचणे मला पटत नाही. कपड्यांवरून इन्सुलिन घेण्याबद्दल १९९७ साली 'डायबेटिस केअर' या नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता. त्यात चाळीसेक रुग्णांनी मिळून तेरा हजारांहून अधिक वेळा कपड्यांवरून टोचून घेतले आणि जंतुसंसर्ग झाल्याचे आढळले नाही. तक्रारी आल्या त्या किरकोळ काळेनिळे पडण्याच्या आणि कपड्यांवर रक्ताचे डाग पडण्याच्या. आडवेळी सुती सदऱ्यावरून टोचले म्हणून कोणी घाबरून जाऊ नये, एवढे त्यातून घ्यावे. परंतु त्या काळच्या सुया लांब होत्या. आज बहुतेकजण ४ मिलिमीटरची सुई वापरतात. जरीचे कापड, त्याखाली अस्तर, त्याखाली परकराचा दुमडलेला काठ एवढे थर पार करता करता त्या ४ मिलिमीटरमधले कातडीसाठी किती उरणार? औषध अस्तरात जिरते आणि आपण मात्र ते पोटात गेले असे समजून श्रीखंड खातो. शिवाय पैठणीवर पडलेला रक्ताचा डाग अभ्यासकाला किरकोळ वाटेल, नेसणारीला वाटणार नाही.

दुसरी गोष्ट वेळेची. अंत्रुजकरांचा नियम जलद इन्सुलिनसाठी योग्य आहे. अॅस्पार्ट, लिस्प्रो ही जलद इन्सुलिने जेवणाच्या साधारण शून्य ते पंधरा मिनिटे आधी घ्यायची असतात. घरी पंधरा मिनिटे आधी घेतलेली बरी, पण पंगत कधी बसेल याची खात्री नसते तिथे अगदी घास उचलताना घेणे अधिक सुरक्षित. जुने साधे मानवी इन्सुलिन किंवा त्याचे तीस-सत्तर मिश्रण (तीस टक्के साधे, सत्तर टक्के सावकाश चालणारे) मात्र जेवणाच्या अर्धा तास आधी घ्यावे लागते. ज्यांच्याकडे ते आहे, त्यांनी लग्नसराई सुरू होण्यापूर्वीच आपल्या डॉक्टरांना विचारून ठेवावे, की जेवण लांबले तर काय करायचे.

तिसरी गोष्ट लहान आहे. लोकांसमोर घाई होते म्हणून सुई बसवल्यावर दोन युनिट हवेत सोडून पाहण्याची पायरी गाळू नये. सुई बंद असेल तर ती तिथेच कळते.

तिसवाडीकर
डॉक्टरसाहेब, ते दोन युनिट हवेत सोडताना एकदा समोरच्या बाईंच्या सूपमध्ये थेंब उडाला होता. त्यांना कळले नाही आणि मीही आजवर कोणाला सांगितले नव्हते.

वैद्यकी
तोंडावाटे पोटात गेलेले इन्सुलिन पचनात मोडून निकामी होते, म्हणून तर ते टोचावे लागते. बाईंना काही झालेले नाही. सूप आपण बदलून द्यायला हवे होते.

खाजनकाठ
मला या सगळ्या चर्चेचे थोडे नवल वाटते. पदर, टाय, खिसे, कुलूपबंद खोल्या, एवढा खटाटोप कशासाठी? भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. देशात मधुमेहाचे प्रमाण ११.४ टक्के निघाले आणि सर्व राज्यांत सर्वाधिक प्रमाण गोव्यात, २६.४ टक्के. म्हणजे आपल्या पंगतीत समोरासमोर बसलेल्या दर चार प्रौढांत एकजण मधुमेही असतो. अशा राज्यात इन्सुलिन लपून घ्यावे लागत असेल, तर आपण सगळे मिळून एकमेकांपासून एकच गोष्ट लपवत बसलो आहोत. मी पंगतीत सदरा वर करतो, टोचतो आणि जेवायला लागतो. दोन-चार वेळा लोकांनी पाहिले, नंतर त्यांचेही कुतूहल संपले.

सुरंगी
खाजनकाठ, आपले म्हणणे मला पटते, पण आपल्याला सदरा वर करता येतो. मी भर पंगतीत पैठणी वर करायची म्हटले तर चर्चा मधुमेहाची होणार नाही.

खाजनकाठ
हे खरे आहे. माघार घेतो.

अबोली७२
माघार घेतलीत तरी मला उत्तर द्यावेसे वाटते, कारण माझी गोष्ट माझ्याबद्दल नसून मुलीबद्दल आहे. तिला नवव्या वर्षापासून टाइप १ मधुमेह आहे, आता ती एकोणीस वर्षांची आहे. घरात आम्ही काहीही लपवत नाही. तिच्या शाळेतल्या शिक्षकांना, मैत्रिणींना सगळे ठाऊक होते. पण लग्नाच्या मांडवात अनोळखी बायका सुई पाहून ज्या स्वरात 'अरेरे, एवढ्याशा पोरीला?' म्हणतात आणि पुढच्याच वाक्यात 'हिच्या लग्नाचे कसे होणार?' असे मला तिच्यादेखत विचारतात, ते ऐकल्यावर ती दोन दिवस गप्प असते. उघडपणे टोचायचे की आडोशाने, हा निर्णय ज्याच्या पोटात सुई जाते त्याचा असावा. वर्षभर ती उघडपणे घेते. लग्नात घेत नाही. दोन्ही बरोबर आहे, असे मला वाटते.

आता मूळ प्रश्नाकडे येते. साडीत सोय आहे हे पोफळीबन यांनी लिहिलेच आहे. खरी कसोटी गाऊनची असते. गेल्या जानेवारीत सासष्टीत तिच्या जिवलग मैत्रिणीचे लग्न झाले आणि ही ब्राइड्समेड होती. खांद्यापासून घोट्यापर्यंत एकसंध साटीनचा गाऊन, पाठीला चेन, कमरेला जागाच नाही. पोट, दंड, दोन्ही बंद. राहिली मांडी. आम्ही शिलाई करणाऱ्या बाईकडून डाव्या बाजूच्या शिवणीत वीतभर लांबीची फट ठेवून घेतली आणि तिला आतून दिसणार नाही अशी चेन लावली. तिने टेबलाशी बसूनच, टेबलक्लॉथच्या आड, मांडीच्या बाहेरच्या बाजूला टोचून घेतले.

शिवाय तिथल्या जेवणाची वेळ वेगळी. चर्चमधला विधी चार वाजता, सभागृहात नवरा-नवरी आठच्या सुमारास, मग केक, मग टोस्ट, मग नाच, आणि बुफे उघडला तेव्हा साडेदहा वाजत आले होते. तोवर फिश कटलेट आणि क्रोकेट फिरत असतात, म्हणजे थोडे थोडे पिष्ट पोटात जातच असते. तिच्या डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवले होते, की फिरत्या पदार्थांसाठी लहान मात्रा आणि मुख्य जेवणासाठी वेगळी मात्रा अशी विभागणी कर, आणि मांडीत टोचून लगेच नाचायला उठू नकोस, कारण त्या स्नायूंना व्यायाम झाला की इन्सुलिन लवकर शोषले जाते. बिबिंकाची चकती तिने शेवटी खाल्ली, मोजून एक. टोस्टला तिने वाइनचा पेला नुसता ओठांना लावला. मोठ्यांनीही हे ध्यानात ठेवावे: मद्य पोटात असताना यकृत साखर सोडण्याचे काम मागे टाकते, त्यामुळे रात्री उशिरा, झोपेत, साखर उतरण्याची भीती असते.

मडगावचापाहुणा
सासष्टीच्या लग्नात टोस्टला पेला नुसता ओठांना लावणारी मुलगी! नवऱ्याच्या काकांनी आक्षेप कसा घेतला नाही?

अबोली७२
घेतला. मुलीने त्यांना बाहीवरूनच दंडावरचा साखर मोजणारा सेन्सर दाखवला आणि म्हणाली, 'अंकल, हे यंत्र चर्चमधल्या पाद्रींना कळवते.' त्यानंतर त्यांनी स्वतःच लिंबूपाणी आणून दिले. साखर घातलेले.

रानवारा
आता शौचालयाविषयी. गोव्यात, पर्यटनाच्या मोसमात, एखाद्या हॉटेलच्या शौचालयात सूट घातलेला माणूस बाही वर करून सुई घेऊन उभा असेल, तर पाहणाऱ्याच्या मनात पहिला विचार मधुमेहाचा येत नाही. किनारपट्टीवरच्या एका हॉटेलात कंपनीच्या जेवणाच्या वेळी मी याच अवस्थेत सुरक्षारक्षकाला सापडलो. तो बिचारा नम्र होता, पण दारातून हलेना. मी पेन दाखवले, औषधाच्या खोक्यावरची अक्षरे वाचून दाखवली, शेवटी आमच्या व्यवस्थापिका बाईंना बोलावून आणले. ज्यांच्यापासून लपवण्यासाठी मी शौचालयात गेलो होतो, त्याच साक्षीदार म्हणून शौचालयाच्या दारात उभ्या राहिल्या. दुसऱ्या दिवशी संपूर्ण कचेरीला ठाऊक झाले. तेव्हापासून डॉक्टरांच्या चिठ्ठीची घडी पाकिटात असते आणि इन्सुलिन टेबलाशीच घेतो.

दीपमाळ
मी पौरोहित्य करतो, त्यामुळे मला लग्ने पाहुण्यांपेक्षा जास्त पाहावी लागतात. पोशाखाची अडचण मला नाही. सोवळे नेसून उपरणे घेतलेला माणूस या धाग्यावरच्या सर्वांत भाग्यवान आहे. परंतु मी तीस-सत्तर मिश्रणाचे इन्सुलिन सकाळी आणि रात्री असे दोनदा घेतो, आणि त्यात दुपारी टोचण्याची कटकट नसली तरी दुसरी एक गोम आहे. सकाळच्या मात्रेतला सावकाश चालणारा भाग नेमका दुपारी जोरात असतो. म्हणजे मी दुपारी काही टोचले नाही तरी दुपारचे जेवण मला लांबवता येत नाही. मुहूर्त साडेबाराचा, सप्तपदी, मग आशीर्वाद, मग छायाचित्रकाराची सप्तपदी. म्हणून मी यजमानांना आदल्या दिवशीच सांगतो, की बारा वाजता मला दूध आणि दोन केळी लागतील. आजवर एकाही यजमानाने भुवई उंचावलेली नाही. पुष्कळदा यजमान स्वतःच तिसरे केळे घेऊन शेजारी बसतात.

सोवळ्यात इन्सुलिन चालते का, असे मला माझ्या थोरल्या बंधूंनी विचारले होते; त्यांच्या ऐकण्यात ते डुकराच्या अवयवापासून काढतात, असे आले होते. एके काळी ते डुकरांच्या आणि गुरांच्या स्वादुपिंडापासूनच काढत. परंतु १९८२ साली अमेरिकेत जिवाणूंकरवी तयार केलेल्या मानवी इन्सुलिनला मान्यता मिळाली, आणि आज आपल्याला मिळते ते जवळजवळ सगळे असेच जिवाणू किंवा किण्व (यीस्ट) यांच्याकडून करवून घेतलेले असते. बंधूंचे समाधान झाले. त्यांना पुढच्याच वर्षी ते सुरू झाले.

कुळागर
मिश्रणाचे पेन टोचण्याआधी दोन्ही तळहातांत घोळवून आतले पांढरे गढूळ औषध सारखे करावे लागते. आमचे आजोबा पंगतीत बसले की पेन असे घोळवत, आणि दुरून पाहणारा म्हणे, म्हातारबुवा जेवणाच्या आशेने हात चोळत बसले आहेत. दोन्ही खरे असायचे.

शेवंती
सुरंगीताईंचे लग्न मार्गशीर्षात आहे हे बरे. माझा अनुभव वैशाखातला आहे. पेन पर्समध्ये, पर्स गाडीत, गाडी सभागृहाबाहेर उन्हात, असे तीन तास गेले. पेन हाताला गरम लागले तरी मी तेच टोचले. औषध दिसायला स्वच्छ होते, पण संध्याकाळी साखर तीनशेच्या वर होती आणि रात्री पुन्हा टोचूनही उतरेना. वापरात असलेले पेन फ्रीजबाहेर साधारण महिनाभर चालते, ते तापमान तीस अंशांच्या आत राहिले तरच. बंद गाडीत वैशाखात ते काही मिनिटांतच ओलांडले जाते.

जुन्याशिंपीकाकांच्या परकराच्या खिशाबद्दल म्हणूनच शंका वाटते. आमच्या आजी पैसे, सुपारी, किल्ली सगळे कनवटीला लावत आणि त्यातले काही खराब होत नसे. पेन अंगाशी, पैठणीच्या आत, दिवसभर ठेवले तर ते अंगाइतकेच तापणार. ते पर्समध्येच असावे, आणि थंडाव्यासाठी बर्फाचा खडा लावला तर मध्ये कापडाची घडी ठेवावी. गोठलेले इन्सुलिन फेकूनच द्यावे लागते.

जुनाशिंपी
मान्य आहे. मग त्या खिशात साखरेच्या पुड्या ठेवाव्यात. अंत्रुजकरांना सोलकढी पाजण्याची वेळ पुन्हा कोणावर येऊ नये.

पोफळीबन
आणि वापरलेली सुई? कोणीच लिहिले नाही. पंगतीची उष्टी पाने गोळा करणाऱ्या बायकांचे हात उघडे असतात. मी एकदा सुई कागदाच्या रुमालात गुंडाळून पानाशेजारी ठेवली आणि विसरले; दारापर्यंत गेल्यावर आठवले आणि धावत परत आले, तोवर पान उचललेले होते. त्या बाईंना शोधून, दोन टोपल्या उपसून ती सुई काढली. आता जाड झाकणाची, औषधाच्या गोळ्यांची रिकामी बाटली पर्समध्ये असते. घरचा साठा मोठ्या डब्यात साठवून डब्यावर 'सुया' असे लिहून वेगळा देते. २०१६ च्या घनकचरा नियमांनी घरातल्या वापरलेल्या सुया घातक कचऱ्यात धरल्या होत्या; त्या ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकायच्या नसतात.

सुरंगी
सर्वांचे मनापासून आभार. ठरवलेला बेत असा: पोलके बोटभर आखूड शिवायला दिले आहे. डाव्या बाजूला पिना नाहीत. अग्रशाळेतील एका खोलीची किल्ली यजमानांकडून घेऊन ठेवणार. भात पानावर आल्याशिवाय टोपण उघडणार नाही. पण या शेवटच्या दोन गोष्टींचा मेळ बसत नाही, हे आत्ता लिहिताना ध्यानात आले. भात पानावर आल्यावर उठून खोलीत कशी जाणार? भरल्या पानावरून उठले तर सासूबाई काय म्हणतील, हे वेगळे सांगायला नको.

अंत्रुजकर
माझ्या नियमातली ही फट तुम्ही बरोबर पकडलीत. खोली सुई बसवण्यासाठी आणि ते दोन युनिट सोडून पाहण्यासाठी वापरा. मात्रा लावून, टोपण घालून पेन घेऊन या. नंतर पंगतीत वाढप पूर्ण झाल्यावर श्लोक म्हणतात. तेव्हा सगळ्यांचे हात जोडलेले आणि निम्म्यांचे डोळे मिटलेले असतात. त्याहून चांगला आडोसा मला तरी ठाऊक नाही.

दीपमाळ
श्लोकाच्या वेळी डोळे मिटायचे असतात ते याचसाठी, असे मी यापुढे सांगत जाईन.

वैद्यकी
सुई लावलेले पेन फार वेळ तसेच ठेवू नका. पाच-दहा मिनिटांची हरकत नाही. मात्रा लावून पेन पर्समध्ये टाकणेही टाळा. आकडा पर्समध्ये फिरू शकतो. टोचण्याआधी एकदा पाहून घ्या.

सुरंगी
लग्न परवा पार पडले. आपण सगळ्यांनी एवढा विचार केला म्हणून वृत्तान्त देणे माझे कर्तव्य आहे.

खोलीची किल्ली मी सकाळी घेतली होती. दहा वाजता नणंदेच्या जावेने चांदीची भांडी ठेवायला म्हणून ती मागून नेली, आणि ती ज्यांच्याकडे दिली ते गृहस्थ वराकडच्यांना आणायला म्हणून निघून गेले. ते पंगत उठल्यावर भेटले. म्हणजे खोली बाद. मग सभागृहाच्या मागे, जिथे आचाऱ्यांची पातेली ठेवली होती, तिथल्या खिडकीत उजेडाला उभी राहून सुई बसवली, दोन युनिट सोडून पाहिले, आणि पेन रुमालात धरून पंगतीत येऊन बसले. भात, वरण, तूप, खतखते, मुगाची उसळ असे सगळे वाढून झाले. श्लोक सुरू झाला. मात्रा लावली, आकडा पाहिला, पदराखाली हात नेला आणि टोचले. दहा आकडे मोजून झाले तरी श्लोक चालूच होता.

शेजारी आतेसासूबाई होत्या. त्यांनी डोळे मिटले नव्हते. श्लोक संपल्यावर त्या माझ्याकडे वाकून हळूच म्हणाल्या, 'जेवताना तरी तो मोबाइल ठेव गं.' मी 'हो' म्हटले आणि रुमाल पर्समध्ये टाकला.

फजिती झाली ती पुढे. मणगणे (हरभऱ्याच्या डाळीची गोड खीर) इतके सुरेख झाले होते, की मी दुसऱ्यांदा वाढून घेतले. इन्सुलिन एका वाटीच्या हिशेबाने घेतले होते. दोन तासांनी साखर २४१. हा दोष पैठणीचा नाही, माझ्या जिभेचा आहे.

पोफळीबन
आणि कमरपट्टा?

सुरंगी
छायाचित्रे झाल्याबरोबर सोडून नणंदेच्या पेटीत ठेवला. ती म्हणाली, 'एवढ्यात?' मी सांगितले, जेवायला बसायचे आहे. तिने लगेच स्वतःचाही सोडला.